"सावध राहा" एवढ्यानं भागत नाही

१२ मे २०१७, शुक्रवारचा दिवस. इंग्लंडमधल्या हॉस्पिटलांत कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर एकदम लाल खिडकी उघडली, बाजूला उलटं मोजणारं घड्याळ आणि खाली मागणी, ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये भरा नाहीतर फाईली विसरा. रिपोर्ट दिसेनात, डॉक्टर-नर्स कागद-पेनावर आले, ५ हॉस्पिटलांच्या इमर्जन्सी विभागांना तर ॲम्ब्युलन्स दुसरीकडे पाठवाव्या लागल्या. हाच तो वॉनाक्राय, फाईलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस, १५० च्या आसपास देशांत पसरलेला.

यातलं सगळ्यात चटका लावणारं काय, तर विंडोजमधल्या ज्या भोकातून तो आत शिरला ते बुजवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, दोन महिने आधी, पण अडकलेल्या मशीनवर तो टाकलेलाच नव्हता. आणि ज्या हत्यारावर हा व्हायरस चालला ते अमेरिकेच्याच एनएसए या गुप्तहेर संस्थेने स्वतःसाठी बनवून ठेवलेलं, तिथून फुटलं आणि चोरांच्या हातात गेलं. म्हणजे भोक सापडल्यावर ते कंपनीला सांगायचं की आपल्या कामासाठी दाबून ठेवायचं, हा निर्णय एका सरकारचा, आणि रांगेत ताटकळले दुसऱ्या देशातले पेशंट.

म्हणूनच वाटतं, सरकार "अनोळखी लिंक उघडू नका" म्हणतं ते बरोबरच आहे, पण पुरत नाही. सगळा भार वापरणाऱ्याच्याच डोक्यावर का?

ब्रिटनने पुढे यावर बरंच काम केलं. २९ एप्रिल २०२४ पासून तिथे कायदाच आहे, की घरातला कॅमेरा, राउटर, स्मार्ट टीव्ही वगैरे वस्तू सगळ्यांना एकच, सहज ओळखता येणारा पासवर्ड टाकून विकायच्या नाहीत, आणि सिक्युरिटी अपडेट किमान किती काळ मिळणार ते कंपनीने आधीच सांगायचं. वाचायला किरकोळ वाटतं, पण मला हा फार मोठा बदल वाटतो, कारण कुलूप लावायचं काम आता विकणाऱ्याकडे गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून, फसवून आपल्याच हातून पैसे ट्रान्सफर करून घेतले असतील तर बँकांनी ८५ हजार पौंडांपर्यंत भरपाई द्यायची, अर्धी पाठवणाऱ्या बँकेने, अर्धी ज्या बँकेत पैसे गेले तिने. चोराचं खातं उघडून देणारी बँकही खिशातून देणार म्हटल्यावर ती खातं उघडताना नीट बघणारच ना.

युरोपियन युनियनने वीज, पाणी, हॉस्पिटल अशा महत्त्वाच्या सेवांना नियम घातलाय, मोठा हल्ला झाला की २४ तासांत पहिली सूचना, ७२ तासांत सविस्तर. अब्रू जाईल म्हणून गप्प बसायची सोय ठेवली नाही.

चोर पकडायचा म्हटलं की मात्र गाडी अडते ती सीमेवर. २००७ मध्ये एस्टोनियात, जेमतेम १३ लाखांचा देश, एक सोव्हिएतकालीन पुतळा हलवला, रशिया भडकला, आणि काही आठवडे संसद, बँका, पेपर सगळ्यांच्या साइटवर खोट्या ट्रॅफिकचा मारा झाला. रशियाने तपासात मदत नाकारली, शेवटी शिक्षा झाली ती एका विद्यार्थ्याला, १७,५०० क्रून (तिथलं तेव्हाचं चलन) दंड. मग एस्टोनियाने आयटीतल्या नोकरदारांची स्वयंसेवक फौज उभी केली, आणि सरकारी डेटाची एक प्रत लक्झेंबर्गमध्ये ठेवली, देशात काहीही झालं तरी रेकॉर्ड शाबूत राहावं म्हणून.

सायबर गुन्ह्यांवरच्या २००१ च्या आंतरराष्ट्रीय बुडापेस्ट करारात सामील झालेल्या प्रत्येक देशाला दिवसरात्र चालणारा संपर्क ठेवावा लागतो, कारण सर्व्हरवरचा पुरावा कागदपत्रं फिरेपर्यंत थांबत नाही. पण जे देश त्यात नाहीत त्यांचं काय, तिथे अजूनही फाईलच फिरते.

आणि एक गोष्ट सिंगापूरची. एखादा माणूस फोनवरच्या भामट्याच्या पूर्ण कह्यात गेलाय, मुलं सांगतायत, पोलिस सांगतायत, तरी तो पैसे पाठवायला निघालाय, अशा वेळी १ जुलै २०२५ पासून तिथले पोलिस बँकेला त्याचेच व्यवहार रोखायचा आदेश देऊ शकतात, आधी ३० दिवसांसाठी. स्वतःचे पैसे, स्वतःचं खातं, आणि सरकार म्हणतंय थांब. मला याची थोडी भीती वाटते, हे अधिकार उद्या कुठवर ताणले जातील सांगता येत नाही. पण आयुष्यभराची पुंजी एका दुपारी रिकामी होताना दारात उभं राहून बघणाऱ्या त्या मुलांच्या जागी मी असते, तर मीच तो आदेश मागितला असता.