कालप्रवास आणि भौतिकशास्त्राचे नियम

श्रोतेहो, नमस्कार.

कालप्रवास शक्य आहे का, असे कोणी विचारले की प्रवास भविष्यात करायचा की भूतकाळात, हे आधी ठरवून घ्यावे लागते. भविष्याकडे जाण्याला भौतिकशास्त्राची हरकत तर नाहीच, उलट तो प्रवास प्रयोगांत मोजला गेला आहे.

१९०५ साली आइन्स्टाइन यांनी मांडलेल्या विशिष्ट सापेक्षता सिद्धांतानुसार वेगाने जाणाऱ्या वस्तूचा काळ आपल्या तुलनेने संथ सरतो, म्हणजे असा प्रवासी परत येतो तेव्हा आपल्या भविष्यात पोहोचलेला असतो. वैश्विक किरणांच्या माऱ्यामुळे वातावरणात सुमारे पंधरा किलोमीटर उंचीवर म्युऑन नावाचे कण तयार होतात. स्थिर म्युऑनचे सरासरी आयुष्य अवघे २.२ मायक्रोसेकंद असते आणि तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ६६० मीटर जातो. तरीही हे कण मोठ्या संख्येने जमिनीवर येऊन पोहोचतात, कारण आपल्या हिशेबाने त्यांचे आयुष्य लांबलेले असते. १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग यांनी सिझियमची आण्विक घड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली, तेव्हा पूर्वेकडे गेलेली घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा सरासरी ५९ नॅनोसेकंद मागे पडली, तर पश्चिमेकडे गेलेली २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. वेग, पृथ्वीचे परिवलन आणि उंचीवरचे क्षीण गुरुत्वाकर्षण (ज्यात काळ किंचित भरभर सरतो) या तिन्हींचा परिणाम त्या आकड्यांत उतरला आहे, आणि मला हा प्रयोग त्यासाठीच फार मोलाचा वाटतो.

भूतकाळाचे तसे नाही. १९४९ साली गणिती कुर्ट गोडेल यांनी व्यापक सापेक्षतेच्या, म्हणजे आइन्स्टाइन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताच्या, समीकरणांतून एका फिरत्या विश्वाचे गणित मांडले. त्या विश्वात सतत पुढे जाणारा प्रवासी आपल्याच भूतकाळात येऊन पोहोचू शकतो. आपले विश्व तसे फिरत असल्याचे निरीक्षणांत दिसत नाही. पण समीकरणे अशा मार्गांना सरसकट मज्जाव करत नाहीत, हे त्यातून उघड झाले. पुढे १९८८ मध्ये मॉरिस, थॉर्न आणि युर्टसेवर या भौतिकशास्त्रज्ञांनी कृमिविवराचा, म्हणजे अवकाशातील दोन दूरच्या जागा जोडणाऱ्या कल्पित बोगद्याचा (वर्महोल), विचार केला. त्याचे एक तोंड प्रचंड वेगाने दूर नेऊन परत आणले, तर तिथला काळ मागे राहतो आणि विवरातून जाणारा भूतकाळात उतरतो. मात्र हे यंत्र अस्तित्वात येण्यापूर्वीच्या काळात त्यातून कधीच जाता येत नाही. शिवाय असे विवर उघडे ठेवायला ऋण, म्हणजे शून्याहून कमी, ऊर्जा लागते, आणि पुंजभौतिकीत (क्वांटम भौतिकीत) ती आढळत असली तरी अत्यंत अल्प प्रमाणात.

मागे जाऊन स्वतःच्या आजोबांना मारले तर काय, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. माझ्या मते तो निर्णायक नाही, कारण स्वतःशी सुसंगत घटनाच घडू शकतात असे भौतिकशास्त्रज्ञ नोव्हिकोव्ह यांच्याप्रमाणे मानले, की विसंगती उरत नाही. खरी अडचण निर्वात अवकाशाची आहे. भूतकाळाची वाट उघडण्याच्या क्षणी निर्वातातील पुंज चढउतारांची ऊर्जा अमर्याद वाढून ते यंत्रच नष्ट होईल, असा तर्क स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ साली मांडला. माझा कल त्यांच्याकडे आहे. पण १९९७ मध्ये के, राडझिकोव्स्की आणि वॉल्ड यांनी दाखवून दिले, की भूतकाळाची वाट जिथे उघडते नेमक्या त्याच सीमेवर हॉकिंग यांनी वापरलेले गणित लागू पडेनासे होते. तिथे गुरुत्वाकर्षणाचा पुंजसिद्धांतच हवा, आणि तो अजून पूर्णत्वाला गेलेला नाही.