पोथी बुडाली, पण शनिवार पाळला : कोकणातले बेने इस्रायल

(नवगावचा किनारा, भरतीची वेळ)

अलिबागच्या उत्तरेला नवगाव. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत की इथंच त्यांचं गलबत फुटलं, सात बाया नि सात पुरुष तेवढे वाचले, बाकीच्यांना या जमिनीत पुरलं. कधी? कोणी म्हणतं दोन हजार वर्षांपूर्वी, अभ्यासकांचा वाद अजून चालूच आहे, आपण त्यात पडायला नको. आपल्याला घ्यायचंय ते पुढचं, की पोथ्या-बिथ्या सगळं समुद्रात गेलं, मंदिर दूर जेरुसलेमात, सांगायला शिकवायला कोणी नाही, मग ज्यू धर्म उरला कशात?

उरला तो घरात. धंदा तेल काढायचा, पण शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद, म्हणून गावानं नाव ठेवलं शनवार तेली. मुलगा झाला की आठव्या दिवशी सुंता. आणि तोंडपाठ एक ओळ, शेमा इस्राएल, म्हणजे ऐक इस्राएला, देव एकच आहे. लग्न असो, मयत असो, हीच ओळ, कारण दुसरी प्रार्थना आठवतच नव्हती!

(मासळी बाजार, टोपल्यांचा क्लोजअप)

आता या टोपल्या नीट बघा. गोष्ट अशी सांगतात की कोचीनहून डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू कोकणात आला, त्याला शंका, हे खरंच आपले का? म्हणून त्यानं बायकांपुढे सगळी मासळी एकत्र टाकली नि म्हणाला करा स्वयंपाक. त्यांनी कोळंबी, चिंबोऱ्या बाजूला सारल्या, पर नि खवले असलेलेच मासे घेतले. तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, त्यातला नियम नेमका हाच आहे, आणि तो या बायांनी वाचलेला नव्हता, सासूकडून सुनेकडे आलेला होता. मला विचाराल तर धर्म टिकवला तो या विळीवर बसणाऱ्यांनी, पण इतिहासात नावं आली ती रहाबीनं शिकवून तयार केलेल्या तीन पुरुषांची.

(मशीद बंदर, सॅम्युएल स्ट्रीट)

ही शार हराहामीम, मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, 1796 चं. कंपनीच्या फौजेतले सॅम्युएल दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटून आले नि त्यांनी हे बांधलं. मग अक्षरओळखही परत आली, कोचीनच्या शिक्षकांकडून, आणि गंमत म्हणजे मिशनऱ्यांकडूनसुद्धा, कारण जॉन विल्सननं 1832 मध्ये हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीत काढलं. धर्म बदलतील म्हणून शिकवलं, हे शिकले आणि आणखी पक्के ज्यू झाले. हे पान 1874 च्या पुण्यात छापलेल्या हगादाचं, वल्हांडणाच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याच्या सणाच्या रात्री वाचतात ते पुस्तक. चित्रात बेखमीर भाकऱ्या करणाऱ्या बाया साडीत आहेत बघा, आणि मजकूर हिब्रू नि मराठी शेजारी शेजारी.

(मलिद्याचं ताट, वरून)

आणि हा मलिदा, ज्यासाठी खरं तर आपण आलो. लग्न ठरलं, नवस फिटला, नवं घर घेतलं, की एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, त्याच्या नावानं मलिदा. पोहे धुऊन मऊ होऊ द्यायचे, त्यात किसलेला गूळ, खवलेला ओला नारळ, वेलची, बदाम-पिस्ते, हातानंच कालवायचं, चमचा घालायचा नाही असं इथल्या आज्या बजावतात. भोवती फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या नि सब्जाची डहाळी. वाईनऐवजी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेलं शरबत. मग एलियाहूचं गाणं, आणि प्रत्येक गोष्टीला वेगळा आशीर्वाद, झाडावरच्या फळाला वेगळा, जमिनीतून आलेल्याला वेगळा, सब्जाच्या वासालासुद्धा वेगळा, आशीर्वाद म्हटल्याशिवाय घास तोंडात नाही. हे तालमूदमधलं, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या चर्चांच्या ग्रंथातलं तत्त्वज्ञान आहे हो, जग देवाचं, विचारून घ्यायचं. फक्त ताट कोकणातलं.

एलियाहू इथं येऊन गेला अशी श्रद्धा आहे, अलिबागजवळच्या खंडाळ्यात (घाटातलं नव्हे) खडकावर त्याच्या रथाच्या चाकाची खूण दाखवतात. शुक्रवारी दिवे लागायच्या आधी कॅमेरा बंद करावा लागला, शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, तेव्हाच सुरू होतो, त्यामुळे पुढची प्रार्थना यात नाही.

(अलिबाग, इस्रायल आळी, मागेन आबोथ सिनेगॉग)

1948 मध्ये इस्रायल देश झाला, त्यानंतर बहुतेक जण तिकडे गेले, तिथल्या धर्मगुरूंनी तुम्ही पुरते ज्यू का म्हणून लग्नांवरून अडवलं, 1964 मध्ये जेरुसलेमात आंदोलन करावं लागलं, मग मिटलं. इथं महाराष्ट्रानं 2016 मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते जमवायला कोकणात आता फोनाफोनी करावी लागते.

नवस मात्र तिकडेही फेडतात. लोद, रामला, दिमोनाच्या घरांत मलिद्याची ताटं लागतात, आणि खंडाळा लांब पडतं म्हणून हैफाच्या एलियाहूच्या गुहेत जातात, सोबत भिजवलेले पोहे.