माती उचलली, पाणी तिथंच

मंडळी, शहरातली दूषित जमीन आणि भूजल स्वच्छ करायच्या पद्धती मी सांगणारच आहे. पण आधी एक प्रकार सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही.

खान्देशातल्याच एका शहरात, भरवस्तीत, जुना पेट्रोलपंप बंद पडला. जमिनीखालच्या लोखंडी टाक्या कधीपासून झिरपत होत्या कोण जाणे. शेजारच्या विहिरीला वास यायला लागला. बाया म्हणायच्या, धुतलेल्या कपड्यांनाही येतो. ओरड झाली, तेव्हा टाक्या काढल्या, वरची माती ट्रॅक्टरनं नाल्याकाठी नेऊन ओतली, खड्ड्यात मुरूम भरला, वर पेव्हर ब्लॉक बसवले. जागा स्वच्छ झाल्याचा कागदही निघाला. नाल्याकाठी शेळ्या चरतात, त्याचं काय, हे कोणी विचारलं नाही. आणि विहिरीचं? "पानी उपशी टाका, व्हई जाई साफ." लोकांनी वर्गणी काढून मोटर लावली, रात्रंदिवस उपसा केला. वास गेला. मोटर बंद झाली, पावसाळ्यात पाणी चढलं, वास परत! मला आजही संताप येतो. असं होणार हे सांगणारं कोणीतरी त्या लोकांना वर्गणीच्या आधी भेटायला हवं होतं.

पेट्रोल पाण्याहून हलकं, ते भूजलावर तरंगतं. उन्हाळ्यात आपल्याकडं पाणी खोल जातं, त्यासोबत तेही उतरतं आणि वाटेतल्या मातीला चिकटतं. पातळी वर आली की तिथूनच पुन्हा पाण्यात सुटतं. त्यात आपला तापीकाठचा गाळ म्हणजे वाळू आणि चिकणमातीचे थर. उपशानं वाळूतलं पाणी निघतं, चिकणमातीत मुरलेलं मात्र हळूहळू बाहेर येतच राहतं. धुळ्याकडं खाली काळा पाषाण, तिथं ते कुठल्या भेगेतून कुठं जाईल हे वरून कळत नाही. आणि वास गेला म्हणजे धोका गेला असंही नाही. पेट्रोलमधल्या बेंझीननं कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, नाकाला कळण्याच्या कितीतरी खाली.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत. पद्धती भराभर सांगतो.

आधी तपासणी. निदान तीन बोअर त्रिकोणात घ्या, पातळ्या मोजा, पाणी कुठं वाहतं ते कळेल. मग तरंगणारं पेट्रोल उपसून वेगळं करा. वाळू असेल तर मातीतली वाफ पंपानं ओढून घेता येते आणि भूजलात हवा सोडता येते. त्या हवेवर पेट्रोल खाणारे जिवाणूही वाढतात. चिकणमातीत हे फारसं चालत नाही. कारखान्यांतली ट्रायक्लोरोएथिलीनसारखी द्रावकं पाण्याहून जड, ती तळाला जातात. त्यांच्या वाटेत लोखंडाच्या चुऱ्याची भिंत पुरतात, पाणी त्यातून जाताना द्रावकाचं विघटन होतं. यातलं काहीही वर्षानुवर्षं चालतं.

खर्च कोणाचा? राजस्थानातल्या बिछडीच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासवल्या, तेव्हा १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं साफसफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्यावरच टाकला. जुलै २०२५ मध्ये केंद्राचे दूषित जागांबद्दलचे नियमही आले. तक्रार लेखी द्या, पोच घ्या.

शेवटचं. नमुना प्लास्टिकच्या बाटलीत नेऊ नका. प्रयोगशाळेतून काचेची बाटली आणा, काठोकाठ भरा, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. नाहीतर बेंझीन वाटेतच उडून जातं आणि अहवाल येतो, 'पाणी ठीक आहे'.