दहाव्या मात्रेवर मिटणारा ताल

श्रोतेहो, नमस्कार. फ्लेमेंको, म्हणजे दक्षिण स्पेनचं गाणं-वादन-नृत्य, शिकणारा गिटारवादक ही वाट मध्येच सोडतो, तेव्हा ठरलेलं उत्तर मिळतं: बोटं चालत नाहीत. तक्रार खोटी नाही. रास्गेआदोत, म्हणजे उजव्या हाताची बोटं एकामागून एक उघडत झंकारण्यात, नखांची पाठ तारांवर फटकारायची असते. बोट उघडणाऱ्या स्नायूंना तशी सवय नसते, म्हणून अनामिका आणि करंगळी मागे राहतात. पण याला औषध आहे. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला 60 वर ठेवा, एका ठोक्यात चार फटके, चारही सारख्या जोराचे. नख तडकलं तर टिश्यूचा बारीक तुकडा, वर सुपरग्लूचा पातळ हात.

खरी गळती होते ती तालात. सोलेआ हा फ्लेमेंकोतला एक संथ गानप्रकार, 12 मात्रांचा, जोर 3, 6, 8, 10 आणि 12 वर. आपला एकतालही 12 मात्रांचाच. पण तिथे सगळे धावतात ते पहिल्या मात्रेकडे, समेकडे. सोलेआतली ओळ दहाव्या मात्रेवर मिटते. सम शोधणारा कान तिथे हमखास चकतो. बुलेरिआ या जलद प्रकारात लय एवढी चढी, की मोजत बसलेला हात मागेच पडतो.

त्यात घरी एकटं बसून फाल्सेता, म्हणजे मधल्या सुरावटी, पाठ करायच्या. तीस फाल्सेता येतात आणि दोन मिनिटं ताल धरता येत नाही! थोर फ्लेमेंको गिटारवादक पाको दे लुसिया यांचं एकल वादन सगळे उतरवून घेतात; त्यांनी 1969 पासून गायक कामारोन दे ला इस्ला यांच्या गाण्याला केलेली साथ फार थोडे ऐकतात. मग वादक चार मात्रांच्या रुंबा या सोप्या प्रकाराकडे वळतो, तिथून पाश्चात्त्य क्लासिकल गिटारकडे. तिकडे एकट्याचं भागतं.

परतायचं असेल तर पंधरा दिवस फाल्सेता बंद. डावा हात तारांवर हलका ठेवून आवाज दाबा, उजव्याने नुसत्या 12 मात्रा वाजवा, पाय चालू. मग सोलेआचं गाणं लावा, गायकाच्या पट्टीप्रमाणे कापो, म्हणजे तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा, चढवा आणि ई कॉर्डच्या आकारावर थांबा. आवाज वर निघाला की जी सेव्हन कॉर्डवरून सी, पुढे एफ, आणि परत ई. गायक एखादं अक्षर लांबवेल. तेव्हा कॉर्ड बदलायची घाई करू नका. हात तालात चालू ठेवा आणि अक्षर सुटेपर्यंत थांबा.