एक एकर, एक पौंड

[दृश्य: अ‍ॅडलेड, माँटेफिओर टेकडी. शहराकडे बोट दाखवणारा पुतळा.]

हा कर्नल विल्यम लाइट, दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या नव्या वसाहतीचा मुख्य मोजणीदार. 1837 च्या जानेवारीत त्याने या माळावर साखळी टाकायला सुरुवात केली आणि 10 मार्चला शहराची मोजणी संपवली. एकूण 1,042 तुकडे, प्रत्येक तुकडा एक एकराचा. आपल्या हिशेबाने 40 गुंठे. इथे अजून धड रस्ताही नव्हता. पण यातल्या 437 तुकड्यांचे हक्क लंडनमध्ये आधीच विकले गेले होते. घेणाऱ्यांतल्या बहुतेकांनी ही जमीन डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत अशी आधी कागदावर उभी राहिली. तिच्यामागे एडवर्ड गिबन वेकफिल्ड या माणसाची कल्पना होती. एका श्रीमंत घरातल्या अल्पवयीन मुलीला फसवून पळवल्याबद्दल तो लंडनच्या न्यूगेट तुरुंगात होता, आणि तिथेच त्याने ही योजना मांडली. वसाहतीत जमीन फुकट वाटू नका, असं त्याचं म्हणणं. दर असा ठेवा की मजुराला आल्या आल्या जमीन परवडणार नाही. त्याने काही वर्षं दुसऱ्याच्या शेतात राबावं, पैसे साठवावेत आणि मग स्वतःची जमीन घ्यावी. आणि जमीन विकून येणारा पैसा? त्यातून इंग्लंडमधल्या गरिबांना जहाजाचं भाडं देऊन इकडे आणायचं. जमिनीने माणसं आणायची, माणसांनी जमीन कसायची. कैद्यांना इथे पाठवायचं नाही, हेही ठरलेलं होतं.

इथे जरा थांबायला हवं. जमीन महसूल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सारा येतो, पाटील-कुलकर्णी येतात. दरवर्षी पिकावर, जमिनीवर भरायची रक्कम. ज्या 1836 साली ही वसाहत जाहीर झाली, त्याच साली आपल्याकडे इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट हे इंग्रज अधिकारी 30 वर्षांसाठी साऱ्याचे दर बांधून देत होते. राज्य तेच, मोजणीही तशीच साखळी टाकून. पण हिशेब अगदी वेगळा. इंदापूरचा शेतकरी दरवर्षी देणार होता. अ‍ॅडलेडचा खरेदीदार एकदाच देणार होता, आणि जमीन कायमची त्याची.

[दृश्य: ग्लेनेल्गचा किनारा, संध्याकाळ.]

1834 च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने अट घातली होती: आधी 35,000 पौंडांची जमीन विकून दाखवा, 20,000 पौंड हमी म्हणून ठेवा, मगच वसाहत. सुरुवातीचा भाव एकरी एक पौंड. 81 पौंड भरले की 80 एकर शेतजमीन आणि शहरात एक एकर. गिऱ्हाईक पुढे येईना, तेव्हा दर 12 शिलिंगांवर आणला (20 शिलिंगांचा एक पौंड). आता त्याच 81 पौंडांत 134 एकर शेत आणि शहरातला तो एक एकर. जॉर्ज फाइफ अँगस या व्यापाऱ्याने कंपनी काढून मोठी खरेदी केली, तेव्हा कुठे 35,000 चा आकडा गाठला गेला.

पण खरी अडचण पुढे होती. जमिनीचा सगळा पैसा जहाजभाड्यासाठी राखून ठेवलेला. मग पोलिसांचा पगार, मोजणीदारांचा पगार, धक्का, तुरुंग, दवाखाना हे सगळं कशातून चालवायचं? कायद्याचं उत्तर होतं: जकात वगैरे मिळेल त्यातून, आणि पुढच्या उत्पन्नाच्या भरवशावर 2 लाख पौंडांपर्यंत कर्ज काढा. घर बांधायला घेतलं, पण घर चालवायचा खर्च कुणी धरलाच नाही. माझ्या मते पुढच्या पाच वर्षांतल्या सगळ्या हालअपेष्टा या एका कलमातून आल्या.

त्यात कारभारी दोन. गव्हर्नर हिंडमार्श राजमुकुटाचा माणूस, जमीन आणि तिचा पैसा मात्र कमिशनर फिशरच्या हातात. एका म्यानात दोन तलवारी. शेतजमिनीची मोजणी रखडली. जहाजं येत राहिली, माणसं उतरत राहिली आणि शहरातच अडकून पडली. शेत मिळेना, म्हणून हातात पैसा असलेला माणूस शहरातले एकराचे तुकडे घेऊ-विकू लागला. धान्य बाहेरून येत होतं, जमिनीचे भाव चढत होते.

ऑक्टोबर 1838 मध्ये गव्हर्नर म्हणून आला जॉर्ज गॉलर, वॉटर्लूच्या लढाईत लढलेला शिपाईगडी. यावेळी दोन्ही पदं त्याच्याकडे दिली होती. त्याला दिसलं ते रिकामी तिजोरी आणि तंबू-झोपड्यांत राहणारी हजारो माणसं. त्याने मोजणीला माणसं लावली, पोलीस वाढवले, कामं काढली. पैसा कुठून? त्याने वसाहतीचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या कमिशनरांवर हुंड्या काढल्या, म्हणजे पैसे त्यांनी चुकवावेत असे कागद दिले.

या हुंड्यांचा प्रवास डोळ्यांपुढे आणा. अ‍ॅडलेडचा गवंडी, बैलगाडीवाला, पिठाचा व्यापारी सरकारच्या शब्दावर काम करतो, माल देतो. कागद शिडाच्या जहाजातून चार महिन्यांनी लंडनला पोचतो. तिथे काय झालं ते कळायला आणखी चार महिने. तेवढ्या काळात इथे नवे कागद निघालेले असतात. 1839 मध्ये जमीन धडाक्यात विकली गेली होती. 1840 मध्ये विक्री कोसळली. आणि लंडनने हुंड्या सकारायचं बंद केलं. ही बातमी 1841 च्या सुरुवातीला अ‍ॅडलेडला पोचली, आणि एका सरकारचं दिवाळं निघालं.

[दृश्य: गव्हर्नमेंट हाउस. गॉलरच्या काळात उभी राहिलेली जुनी बाजू.]

मे 1841 मध्ये 29 वर्षांचा जॉर्ज ग्रे जहाजातून उतरला, तो गॉलरच्या जागी नेमला जाऊनच. गॉलरवर उधळपट्टीचा शिक्का बसला. मला तो अन्याय वाटतो. मोजणी त्याने पुढे रेटली नसती तर ग्रे लोकांना शेतावर पाठवणार होता कुठे? ग्रेने कामं थांबवली, सरकारी कामावरच्या मजुरांचे दर उतरवले, माणसं शहराबाहेर काढली. गव्हाखालची जमीन वाढत गेली. पार्लमेंटने 1,55,000 पौंडांचं कर्ज दिलं आणि पुढे ते माफ केलं. 1842 च्या कायद्याने नियमही बदलला: जमीन लिलावाने, एकरी किमान एक पौंड, आणि उत्पन्नातला निम्मा वाटा स्थलांतरितांसाठी.

मग तांबं सापडलं. कपुंडाला डटन आणि बॅगट यांनी 80 एकर घेतले, एकरी एका पौंडाने. सरकारला मिळाले 80 पौंड. शेजारचे 100 एकर पुढे 2,210 पौंडांना गेले. 1845 मध्ये बुर्राला त्याहून मोठा साठा लागला. ग्रेने अट घातली: 20,000 एकर एकत्र घ्या, 20,000 पौंड रोख मोजा. दोन प्रतिस्पर्धी गट होते, एकात दुकानदार-व्यापारी, दुसऱ्यात प्रतिष्ठित भांडवलदार. एकट्याला एवढी रोकड जमेना, म्हणून दोघांनी दहा-दहा हजार घातले आणि जमीन अर्धी-अर्धी वाटून घेतली. उत्तरेकडचा भाग दुकानदारांना मिळाला, आणि तांबं तिथेच होतं. 12,320 पौंडांच्या भांडवलावर दुकानदारांच्या कंपनीने एकूण 8 लाख पौंड लाभांश वाटला. ग्रेनंतरच्या रोब या गव्हर्नरने खनिजावर पंधरावा हिस्सा सरकारकडे राखायचा प्रयत्न केला. वसाहत पेटून उठली, आणि त्याच्यामागून आलेल्या गव्हर्नरने तो नाद सोडला.

[दृश्य: टॉरेन्स नदीचा काठ, उंच निलगिरी.]

ही नदी म्हणजे इथल्या मूळ रहिवासी काउर्ना लोकांची कारावीरा पारी. हे शहर वसलं ती जागा त्यांची तार्नतान्या, तांबड्या कांगारूंचं ठिकाण. 1834 च्या कायद्याने ही जमीन ओसाड आणि बिनवस्तीची ठरवली. 1836 च्या राजाच्या सनदेत, मूळ रहिवासी आणि त्यांचे वंशज ज्या जमिनी प्रत्यक्ष वहिवाटतात त्यांवरचा त्यांचा हक्क अबाधित राहील, असं स्पष्ट लिहिलं होतं. मोजणीच्या साखळीपुढे त्या ओळीला कुणी थांबलं नाही. एकरी पौंडाच्या सगळ्या हिशेबात जमिनीच्या मूळ धन्याच्या नावे खरेदीची रक्कम कुठेच नाही.

2000 साली काउर्ना लोकांनी न्यायालयात दावा लावला. 21 मार्च 2018 ला निकाल आला आणि त्यांचा हक्क मान्य झाला. पण एकदा मालकी हक्काने विकलेल्या जमिनीवर तो लागू होत नाही. लाइटने आखलेले, विकले गेलेले ते एकराचे तुकडे त्यातून बाहेर राहिले. हाती आले ते 17 तुकडे, जे आजवर कुणाला विकलेच गेले नव्हते.