पॅरिसची लाल माती बघायची कशी

नमस्कार मंडळी. मे महिना संपत आला की आपल्याकडे सगळ्यांचं लक्ष मान्सून केरळात पोचला का इकडे असतं, आणि माझं निम्मं लक्ष पॅरिसला असतं कारण तिकडे फ्रेंच ओपन सुरू झालेली असते. टेनिस म्हणजे विम्बल्डन, एवढंच ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी तर आज जरूर ऐका, कारण मला अगदी मनापासून वाटतं की टेनिसमधली झुंज बघायची तर ती या लाल मातीवरच.

आता लाल माती म्हटलं की आपल्याला तालीम आठवते, पण ही माती नाहीच मुळी. विटा दळून केलेला भुगा आहे तो, आणि तोही जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा थर, त्याच्या खाली चुनखडी आणि त्याच्याही खाली खडी-दगड. पण त्या एवढ्याशा भुग्याने सगळा खेळ बदलतो. बॉलचा टप्पा पडला की तो जरा अडतो, वेग कमी होतो आणि वर उसळतो. गवतावर ज्या सर्व्हिसला समोरच्याची रॅकेटही लागत नाही ती इथे तो धावत जाऊन परत मारतो, मग पुन्हा एक, पुन्हा एक, वीस-वीस फटक्यांची रॅली होते. पॉइंट एका दणक्यात मिळत नाही, बांधावा लागतो. समोरच्याला बॅकहँडला अडकवून ठेवायचं, बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेच्या, मागे ढकलत न्यायचं, आणि तो पार मागे गेला की हळूच ड्रॉप शॉट टाकायचा, म्हणजे बॉल नेटच्या जवळच अलगद सोडायचा. हे जमवायला धीर लागतो आणि बघायलाही धीर लागतो, पण एकदा डोळ्याला सवय झाली ना की मग झटपट संपणारं टेनिस अर्धवट वाटायला लागतं.

आणि माझा मुद्दा असा की ही माती मागे पडलेल्या माणसाला वेळ देते. 1989 घ्या. सतरा वर्षांचा मायकल चँग, समोर त्या वेळचा नंबर वन इव्हान लेंडल, चँग पहिले दोन सेट हरलेला, नंतर पायात गोळे यायला लागले, धड उभं राहवत नव्हतं. तर त्याने काय केलं, उंच उंच बॉल मारत राहिला, श्वास घ्यायला तेवढीच फुरसत, आणि पाचव्या सेटमध्ये चक्क खालून हाताने सर्व्हिस केली. लेंडल गडबडला, तो पॉइंट चँगचा, मग मॅचही चँगची, आणि शेवटी ती ट्रॉफीही त्याचीच. किंवा 2001 चा ब्राझीलचा गुगा कुएर्तेन. आधीच्या वर्षीचा विजेता, आणि चौथ्या राउंडला मायकल रसेल नावाच्या क्वालिफायरसमोर, म्हणजे पात्रता फेरीतून आलेल्या खेळाडूसमोर, दोन सेट मागे, वर तिसऱ्या सेटमध्ये मॅच पॉइंट विरुद्ध. तिथून परतला, जिंकला, आणि रॅकेटने कोर्टवर एक मोठ्ठं बदाम काढून त्याच्यात गुडघे टेकून बसला. तेही विजेतेपद त्यानेच घेतलं.

2025 ची फायनल तर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितली असेल. चौथ्या सेटमध्ये इटलीचा सिनर 5-3 ने पुढे, स्पेनच्या अल्काराझच्या सर्व्हिसवर 0-40, म्हणजे तीन चॅम्पियनशिप पॉइंट, एक जरी मिळाला तरी ट्रॉफी सिनरची. मी म्हटलं संपलं. तिन्ही वाचवले पोराने! मग सिनरची सर्व्हिस तोडली, म्हणजे त्याच्या सर्व्हिसवरचा गेम जिंकला, टायब्रेक घेतला, आणि पाचव्या सेटमध्ये स्वतः मॅचसाठी सर्व्हिस करत असताना सिनरने त्याला परत पकडलं, शेवटी दहा पॉइंटचा टायब्रेक 10-2 असा अल्काराझने मारला. पाच तास एकोणतीस मिनिटं, या स्पर्धेच्या इतिहासातली सगळ्यात लांबलेली फायनल. सिनरबद्दल मला आजही वाईट वाटतं, इतकं सुंदर खेळून हरायचं म्हणजे काय.

आता नदालबद्दल बोललं नाही तर तुम्ही मला सोडणार नाही. या स्पर्धेची चौदा विजेतेपदं, 2005 ते 2022, आणि 116 मॅचमध्ये फक्त चार पराभव. मागे पडलेल्याला वेळ मिळतो असं मी म्हणतोय खरं, पण नदालसमोर त्या वेळेचा फार कमी जणांना उपयोग झाला, कारण त्याचा डाव्या हाताचा टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेने गरगरणारा बॉल, टप्पा पडला की खांद्याच्या वर यायचा आणि समोरच्याचा एकहाती बॅकहँड असेल तर त्याचे हालच. हे फेडररला विचारा.

आणखी एक गोष्ट, जी मला बाकी कुठल्याच स्पर्धेत इतकी आवडत नाही. बॉल जिथे पडतो तिथे भुग्यात डाग उमटतो, लांबट, अंड्यासारखा. बॉल आत की बाहेर हे ठरवायला बाकी मोठ्या स्पर्धा मशीनवर गेल्या, विम्बल्डनसुद्धा 2025 ला गेलं, पण त्या वर्षीही पॅरिसने लाइनवरची माणसं ठेवली. वाद झाला की अंपायर खुर्चीवरून उतरतो, भराभर चालत जातो, वाकून डाग बघतो आणि बोट दाखवून सांगतो, डागाची कड लाइनला जराशी जरी शिवली तरी बॉल आत. खेळाडू शेजारी उभा राहून बघत असतो, पायमोजे विटकरी झालेले, रॅकेटने बुटाचे तळवे ठोकून अडकलेली माती पाडत असतो. टीव्हीवर हे जवळून दाखवतात तेव्हा मी आवाज वाढवतो.

बघायचं कसं ते सांगतो. तिथे सकाळी अकराला मॅच सुरू होतात, म्हणजे आपले दुपारचे अडीच. रात्रीची मॅच आपल्याकडे पावणेबाराला लागते, ती नोकरीवाल्यांनी जपून बघावी. आणि फायनलची वाट बघत बसू नका हो, पहिला आठवडा बघा! फिलिप शात्रिए हे मोठं कोर्ट सोडून बाहेरच्या छोट्या कोर्टवर, चौदा नंबरवर वगैरे, फ्रेंच पोरं खेळत असली की प्रेक्षक अक्षरशः डोक्यावर घेतात. लोइस ब्वासाँ आठवा, 2025, रँकिंग 361, वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर, आलेली, त्याच्या आदल्या वर्षी गुडघा गेल्यामुळे याच स्पर्धेला मुकलेली, आणि तिने पेगुला आणि अँड्रीव्हा या पहिल्या दहातल्या दोघींना हरवून सेमीफायनल गाठली. हे सगळं पहिल्या राउंडपासून बघितलं असेल तरच भिडतं.

आणि डबल्स सोडू नका, कारण आपल्या लोकांचं या मातीशी चांगलं जमलंय. महेश भूपतीने 1997 ला रिका हिराकीबरोबर मिक्स्ड डबल्स जिंकलं ते इथेच, ग्रँड स्लॅम जिंकणारा तो पहिला भारतीय. 1999 ला तोच आणि पेस मेन्स डबल्स जिंकले. आणि 2017 ला रोहन बोपण्णा आणि कॅनडाची गॅब्रिएला डब्रोव्स्की, मिक्स्डची फायनल, पहिला सेट 2-6 गेलेला, शेवटच्या टायब्रेकमध्ये दोन मॅच पॉइंट विरुद्ध, आणि दोन्ही वाचवून 12-10 ने जिंकले. त्या फायनलचे हायलाइट्स मिळाले तर जरूर बघा, फार लांबलचक नाहीत.