टाळूच्या पाठीमागे

नाकाच्या अगदी मागे, मऊ टाळूच्या वर, लहान मुलांना एक मांसल उंचवटा असतो. तो म्हणजे अ‍ॅडिनॉइड. मुलाने कितीही मोठा ‘आ’ केला तरी तो दिसत नाही. वयाबरोबर तो बहुधा आपोआप आकसतो. पण त्याआधीच नाकाचा मागचा रस्ता बुजला, झोपेत श्वास अडकू लागला किंवा कानात वारंवार पाणी साठू लागलं, तर तो काढावा लागतो.

१८६८ मध्ये कोपनहेगनचे डॉक्टर विल्हेल्म मेयर यांनी या वाढीचं सविस्तर वर्णन केलं. ते नाकातून कडीसारखं पातं आत घालत आणि तोंडातून बोट नेऊन त्याला दिशा देत. पुढे क्युरेट हे खरवडायचं धारदार हत्यार आलं. मुलाला पूर्ण भूल द्यायची, मान मागे झुकवायची, तोंडातून क्युरेट टाळूमागे न्यायचं आणि वरून खाली खरवडायचं. मग गॉज दाबून रक्त थांबवायचं. काम झटपट होतं, म्हणून ही पद्धत आजही टिकून आहे. पण सगळी भिस्त हाताच्या अंदाजावर. नाकाच्या मागच्या दाराशी तुकडा उरू शकतो. दोन्ही बाजूंना कानाकडे जाणाऱ्या नळ्यांची तोंडं असतात, त्यांना इजा होऊ शकते.

दुर्बिणीने हे चित्र बदललं. आता सर्जन पडद्यावर बघत काम करतो. मायक्रोडिब्रायडरचं फिरतं पातं मांस कापतं आणि लगेच शोषूनही घेतं. सक्शन डायथर्मी उष्णतेने मांस नाहीसं करते, रक्तस्राव कमी होतो. कोब्लेशनमध्ये सलाइन आणि रेडिओलहरी वापरून साधारण ४० ते ७० अंश सेल्सिअसलाच ऊतक विरघळवतात. यंत्र कोणतं, यापेक्षा जागा डोळ्यांना दिसते, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

दिसतं म्हणूनच किती ठेवायचं हेही ठरवता येतं. सुरुवातीलाच सर्जन टाळूवर बोट फिरवून आतली छुपी फट चाचपतो. पडजीभ दुभंगलेली आहे का, तेही पाहतो. तसं काही आढळलं, तर शस्त्रक्रिया टाळतात किंवा फक्त वरचा भाग काढून खालची पट्टी राखतात. बोलताना आणि गिळताना टाळू त्या पट्टीला टेकून नाकाची वाट बंद करतो. ती गेली तर आवाज नाकातून येऊ लागतो, प्यायलेलं पाणीही नाकात चढतं.

मूल जागं होण्याआधी टाळूमागे पुन्हा एकदा बघतात. रक्ताची गुठळी राहिली असेल, तर ती श्वासमार्गात घसरून जीव धोक्यात येऊ शकतो. ती जागा स्वच्छ आहे याची खात्री पटल्यावरच भुलेच्या वेळी घशात घातलेली श्वासाची नळी काढतात.